नारळांचा ताळा

माझ्या भावाचं एक ठरलेलं वाक्य आहे. गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या घरी जेवायला बसलं, ताटात सोलकढी आली, की ते येतंच. "बाबांच्या वेळी एका पाडणीला तीन हजार नारळ पडायचे." मग माकडांचा उद्धार होतो, मग कोळ्याच्या रोगाचा, मग पाडेली मिळत नाहीत याचा. हे मी वीस वर्षं ऐकतेय आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं... नाही, हिशेब चुकला. नोकरी अठ्ठावीस वर्षांची, ऐकणं वीस वर्षांचं. पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं दिवसाची बाकी जुळवून घरी आलेल्या बाईला 'तीन हजार' असा गोल आकडा ऐकला की दाताखाली खडा येतो.

आकडा तपासायची सोय होती. बाबांच्या अकरा वह्या आईच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, १९७४ ते १९९७. एक पाडणी, एक पान. वर तारीख आणि 'नारळ' हे शीर्षक, खाली कुळागराच्या, म्हणजे आमच्या नारळ-सुपारीच्या बागेच्या, एकेका तुकड्याचं नाव आणि त्यापुढे आकडा: व्हाळाकडचे, विहिरीवरचे, मेरेवरचे, देवळाच्या वाटेचे. पंधराएक ओळी. तळाला दोन रेघांमध्ये बेरीज.

निवृत्त झाल्यावर मी त्या वह्या फोंड्याच्या फ्लॅटवर आणल्या आणि जाहीर केलं की हे आकडे मी संगणकाला वाचायला शिकवणार आहे. आईने चष्मा वर केला. "वही वाचपाक मशीन कित्याक गो? हांव वाचून दाखयतां."

खरं सांगायचं तर आईचं बरोबर होतं. ती वाचत गेली असती आणि मी टाइप करत गेले असते, तर दोन महिन्यांत काम संपलं असतं. मला सव्वा वर्ष लागलं. पण निवृत्तीनंतरच्या सव्वा वर्षाचं तुम्ही दुसरं काय करता, हेही एकदा विचारायला हवं.

संगणक धाकट्या बहिणीच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा. तो बंगळुरूला नोकरीला गेला आणि डबा आमच्याकडे राहिला. पहिल्या पिढीचा कोअर आय-थ्री, २०१०चा, चार जीबी रॅम. जाण्याआधी त्याने त्यावर विंडोजसारखंच पण फुकट मिळणारं उबुंटू घालून दिलं होतं. मी फोनवर विचारलं, मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राला उदाहरणं दाखवून शिकवायची विद्या, शिकायला सगळ्यात मोठं नाव कुठलं? तो म्हणाला टेन्सरफ्लो. २०१५च्या नोव्हेंबरात सगळ्यांसाठी खुली झालेली ही लायब्ररी. लायब्ररी म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. आपण स्वयंपाक करायचा, पण मसाला दुसऱ्या कुणीतरी आधीच वाटून ठेवलेला असतो. पायथन या प्रोग्रामच्या भाषेत 'पिप' नावाचा गडी आहे, त्याला नाव सांगितलं की तो तो मसाला घरपोच आणून देतो.

तर पिपला सांगितलं. त्याने आणायला नकार दिला. पडद्यावर लाल अक्षरात जे आलं त्याचा मथितार्थ असा, की या घरातलं पायथन उबुंटूच्या स्वतःच्या कामाचं आहे, तिथे बाहेरच्यांनी काही ठेवायचं नाही. ठेवायचंच असेल तर वेगळी चूल मांडा. भाचा समजावायला लागला, "मावशी, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे..." मी म्हटलं, थांब, मला कळलं. सोवळ्याची भांडी. आमच्या आजीची नैवेद्याची पातेली वेगळ्या फळीवर असायची आणि त्यांत घरातलं कालवण शिजवलं तर तिन्हीसांजेपर्यंत बोलणी खावी लागायची. तसंच हे. एका ओळीची आज्ञा, 'वेन्व्ह', आणि एक स्वतंत्र फळी तयार झाली. तिथे काय वाटेल ते सांडा, खालचं घर शाबूत. आजपर्यंत संगणकातली जेवढी तत्त्वं मला कुणी शिकवली त्यातलं हे पहिलं, जे मला आधीपासून येत होतं.

मग टेन्सरफ्लो उतरायला लागलं. सहाशे एमबीच्या आसपास. जूनचा दुसरा आठवडा, बाहेर पाऊस, दोनदा वीज गेली, दोनदा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असं आलं. मी चहा केला. मग शिकवल्याप्रमाणे एक शब्द टाइप केला, 'इम्पोर्ट', पुढे लायब्ररीचं नाव, एंटर.

इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

बस. एवढंच. पुढे कंसात 'कोअर डम्प्ड', आणि पायथन बंद. मी अक्षरशः खुर्ची मागे सारली. पतसंस्थेत 'इल्लीगल' हा शब्द ऑडिटरच्या तोंडी आला की आमच्या मॅनेजरांचा रक्तदाब वाढायचा. घरात एकटी असताना, सकाळी साडेअकराला, मी कुठला गुन्हा केला होता?

गुन्हा माझा नव्हता, डब्याच्या वयाचा होता. प्रोसेसरला ठरावीक आज्ञा कळतात. २०११ साली बाजारात आलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांपासून त्यात एक नवी भर पडली, एव्हीएक्स नावाची. एकाच झटक्यात आठ-आठ संख्यांची बेरीज-गुणाकार करायची युक्ती आहे ती. मशीन लर्निंग म्हणजे शेवटी डोंगराएवढे गुणाकार, म्हणून २०१८ पासून टेन्सरफ्लोच्या तयार फायली ती युक्ती येते असं गृहीत धरूनच बांधल्या जातात. माझा डबा २०१०चा. एका वर्षाने हुकला. त्याला जी आज्ञा मिळाली ती त्याच्या भाषेतच नव्हती, आणि प्रोसेसरला 'काय म्हणालात?' असं विचारता येत नाही. तो अशा आज्ञेला 'बेकायदा' म्हणतो आणि जागच्या जागी मान टाकतो.

भाच्याने तीन मार्ग सांगितले. नवा संगणक घे. गूगलच्या कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून त्यांच्याच संगणकांवर, फुकट कर. किंवा मूळ सोर्स आणून माझ्या प्रोसेसरच्या मापाने स्वतः बांधून घे. पहिल्याला पैसे लागत होते. तिसऱ्याचं वर्णन ऐकूनच मला थकवा आला. दुसरा शहाण्या माणसाचा मार्ग होता हे मला तेव्हाही कळत होतं, पण बाबांच्या वह्या घरच्या डब्यात वाचायच्या असं मी मनाशी ठरवलं होतं आणि आमच्या घराण्यात ठरवलेलं सोडायची पद्धत नाही. शेवटी तोच म्हणाला, "मावशी, आकडेच ओळखायचेत ना? मग तोफ कशाला? सायकिट-लर्न घाल."

हे साधं, जुनं, मध्यमवर्गीय प्रकरण निघालं. २००७ साली एका विद्यार्थ्याने उन्हाळी प्रकल्प म्हणून सुरू केलेलं, २०१०मध्ये फ्रान्सच्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेतल्या लोकांनी पहिल्यांदा बाहेर काढलेलं. ग्राफिक्स कार्ड मागत नाही, एव्हीएक्सवरून अडून बसत नाही. फक्त नावाची एक गंमत आहे. आणताना त्याला 'सायकिट-लर्न' म्हणायचं आणि वापरताना 'एसकेलर्न'. मी दोन्ही वेळा एसकेलर्न म्हटलं आणि पिपने परत लाल अक्षरं दाखवली. चित्रं उघडायची लायब्ररी आणताना 'पिलो', हाक मारताना 'पीआयएल'. भाचा यावर वैतागतो. मला यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या वाड्यावर बाबलो म्हणून हाक मारली की जो माणूस ओ देतो, त्याचं रेशनकार्डावरचं नाव मला आजही ठाऊक नाही.

सायकिट-लर्नच्या पोटातच सरावाला १,७९७ आकडे असतात, आठ बाय आठ ठिपक्यांचे, इंग्रजी अंक. दहा ओळी टाइप केल्या आणि त्याने ते ओळखून दाखवले. मी आईला हाक मारून दाखवलं. तिने पडद्याकडे बघितलं, म्हणाली, "हें आठ कशें दिसता?" आणि भाजी निवडायला गेली.

देवनागरीसाठी आयता संग्रह मिळाला, नेपाळमधल्या संशोधकांनी २०१५मध्ये जमवलेला. हाताने लिहिलेली ९२,००० अक्षरं, बत्तीस बाय बत्तीस ठिपक्यांची, ४६ प्रकारची. ३६ व्यंजनं आणि १० अंक, प्रत्येकाचे २,००० नमुने. मला अंकच हवे होते: २०,०००. त्यातले १७,००० शिकायला, ३,००० परीक्षेला. डब्याचा पंखा वीस मिनिटं गिरणीसारखा फिरला आणि परीक्षेत शंभरातले सत्त्याण्णव बरोबर आले.

मग मी बाबांच्या वहीचं एक पान फोनने टिपलं, आकडे एकेक कापले, त्याच मापाला आणले आणि पुढे केले. सगळे चूक. थोडेफार नव्हे, सगळे. सातला शून्य, दोनला शून्य, चारला आठ. दोन दिवस मी प्रोग्राममध्ये खोट शोधत होते. तिसऱ्या दिवशी संग्रहातली चित्रं मोठी करून बघितली, तेव्हा दिसलं की ती काळ्यावर पांढरी आहेत. पाटीवर पेन्सिलीने लिहिल्यासारखी. आणि बाबांच्या वहीचा कागद पांढरा, शाई निळी. माणसाच्या पोराला पाटीवर पाच शिकवला की ते वहीतला पाच आपसूक ओळखतं. याला तेवढंही कळत नाही. संगणकाला ठिपका म्हणजे एक आकडा, काळ्याला ० आणि पांढऱ्याला २५५. प्रत्येक ठिपका २५५ मधून वजा केला, पानाची पाटी झाली, आणि एका ओळीत निम्म्याहून जास्त आकडे जागेवर आले.

निम्म्याहून जास्त, म्हणजे शंभरात एक्याऐंशी. उरलेल्यांत पाच आणि आठ सगळ्यात जास्त. कारण शोधायला संगणकाची गरज नव्हती. नेपाळात ५ आणि ८ लिहायची वळणं आपल्याहून जरा निराळी असतात. यंत्र काठमांडूकडच्या पोरांच्या हातावर तयार झालेलं, आणि बाबा पोर्तुगीज राजवटीत, घरी येणाऱ्या पंतोजींकडे मराठी शिकलेले. त्यांचा पाच खाली लांब शेपटी सोडतो आणि पुढच्या आकड्याला टेकतो.

इथे एक आडवाट घेते. सप्टेंबरात मला हाव सुटली. म्हटलं, अंक जमतात तर अक्षरंही बघू, निदान प्रत्येक पानावरचं 'नारळ' हे शीर्षक तरी वाचू दे. सगळी ४६ अक्षरं शिकवायला डबा रात्रभर चालू ठेवला. सकाळी 'नारळ' कापून पुढे ठेवलं. काना मी आधीच छाटला होता, कारण संग्रहात काने-मात्रा नाहीत, स्वरही नाहीत. न आला. र आला. ळला यंत्र म्हणालं: क. खात्री किती, असं विचारता येतं. विचारलं. ९४ टक्के.

दुसऱ्या पानावरचा ळ. क. तिसऱ्यावरचा, ठ. मग मी यादी काढून बोट ठेवत गेले... य, र, ल, व, श, ष, स, ह, क्ष, त्र, ज्ञ. ळ नव्हताच. नेपाळीला तो लागत नाही, त्यामुळे त्यांची काही चूक नाही. पण नारळ, केळी, कुळागर, म्हार्दोळ, वाळपई, आणि कुंकळ्ळी, जिथे तो एकाला दोन लागतो! ज्या यंत्राला ळ ठाऊक नाही त्याला आमच्या वहीतलं शीर्षकच वाचता येणार नव्हतं.

चूक झाली याचं मला एवढं वाटलं नाही, जेवढं त्या चौऱ्याण्णवांचं वाटलं. त्याचं कारण कळलं तेव्हा चीड गेली. यंत्राकडे ४६ खण आहेत आणि शंभर टक्के विश्वास आहे. तो त्याने त्याच खणांत वाटून टाकायचा, एवढंच त्याला माहीत. 'यापैकी नाही' असा सत्तेचाळिसावा खण आपण दिला नाही तर ते बापडं ठेवणार कुठे? आमच्या जुन्या फॉर्मांवर 'इतर' हा रकाना असायचा आणि अर्धी गिऱ्हाइकं त्यातच बसायची.

अक्षरांच्या संख्येने घायकुतीला येणारी मी गोव्यातली पहिली नव्हे. आशियातला पहिला युरोपीय पद्धतीचा छापखाना आला जुन्या गोव्यात, १५५६ साली. तरी फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमी लिपीत. त्यांना ते दुःख होतं. १६०८मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांना धाडलेल्या पत्रात त्यांनी लिहिलंय, की इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी फार वर्षांची इच्छा आहे, पण युरोपात चोवीस साचे पुरतात तिथे इथे सहाशे पाडावे लागतील. सहाशे! काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर धरून त्यांनी केलेली ती मोजदाद. मी ४६ वर भागवायला निघाले होते. अक्षरांचा नाद सोडला आणि अंकांवर परत आले. चाळीस ळ तेवढे लिहून ठेवलेत एका कागदावर, कधीतरी उपयोगी पडतील.

अंकांसाठी मग बाबांनाच गुरू केलं. चाळीस पानांवरचे आकडे कापून, एकेकाला हाताने नाव देऊन नेपाळी आकड्यांत मिसळले. हे काम मी वर्षभर दुपारी, आई झोपल्यावर, रेडिओ बारीक लावून केलं. या विषयावर बोलणारी मंडळी गणिताबद्दल फार बोलतात, या कापाकापीबद्दल कमी. निम्म्याच्या वर वेळ इथे जातो, वाळवीने खाल्लेला कोपरा, शाई उतरलेली मागची बाजू, एकाला एक चिकटलेले ५ आणि ६. यातनं बाबांचा हात मात्र मला नव्याने कळला. घाईत असले की त्यांचा ३ झोपतो. १९८९च्या पुढे ९ची गाठ सुटत जाते. मोतीबिंदू तेव्हाच सुरू झाला असणार, आम्हाला कळला १९९२मध्ये.

यंत्र आता बाबांच्या हातावर सत्त्याण्णव टक्क्यांना पोचलं. भाच्याने फोनवर अभिनंदन केलं. त्याच्या जगात हे उत्तम मानतात.

माझ्या जगात नाही. एका पानावर साठेक आकडे. प्रत्येक बरोबर येण्याची शक्यता ०.९७. साठ वेळा आपसांत गुणलं की उरतात ०.१६. म्हणजे सहा पानांत एक पान पूर्ण बरोबर, बाकी पाचांत कुठेतरी एक तरी चूक. शाळेत सत्त्याण्णव मिळाले तर पेढे वाटतात. कॅशच्या खिडकीवर सत्त्याण्णव टक्के बरोबर नोटा मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी पाठवतात आणि परत बोलवत नाहीत.

पण त्याच जगाने मला सोडवलंही. बाबांनी प्रत्येक पानाच्या तळाला बेरीज मारली होती. यंत्राने वाचलेल्या ओळींची बेरीज मी संगणकालाच करायला लावली आणि त्याने वाचलेल्या तळच्या आकड्याशी ताडून बघितली. जुळली, तर पान पुढे. नाही जुळली, तर माझ्याकडे. भाच्याला हे सुचलं नव्हतं. तो म्हणाला, मावशी हे भारी आहे. भारी कसलं, ताळा आहे. तिसरीत शिकवतात.

न जुळलेल्या पानांवर आमच्या धंद्यातली दुसरी युक्ती. फरक नवाने भागून बघायचा. पूर्ण भाग गेला तर बहुधा दोन आकडे उलटसुलट पडलेत, ४८चे ८४ झालेत. यंत्र असं उलटसुलट करत नाही, ते माणूस करतो. यंत्र पाचाला चार म्हणतं, मग फरक १ किंवा १० किंवा १००. फरकाकडे बघूनच चूक कुणाची ते कळायला लागलं. दिवसाला पाच-सहा पानं निस्तरत गेले.

भावाचे तीन हजार कुठेच नाहीत. सगळ्यात मोठी पाडणी मे १९८१, १,९१२ नारळ. पण गेल्या मार्चात त्याच कुळागरात ९४० पडले, तेव्हा रडगाणं खोटं नव्हतं, आकडा खोटा होता. त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, बाबा सगळं वहीत लिहीत नव्हते. यावर ताळा नाही.

शेवटी एक पान उरलं. ऑक्टोबर १९८४. यंत्र म्हणालं ओळींची बेरीज १,४८६, तळाला १,४४६. मी भिंगाने वाचलं. पंधराच्या पंधरा ओळी यंत्राने बरोबर वाचल्या होत्या. तळचा आकडाही स्वच्छ, १,४४६, दोन रेघांच्या मध्ये. फरक चाळीस. नवाने जात नाही. पाटी घेतली, खरीच पाटी, आणि बाबा करत तशी एककाच्या घरापासून उभी बेरीज केली. एककांची बेरीज आली ४६. सहा लिहायचे, हातचे चार.

बाबा हातचे चार घ्यायला विसरले होते.

दोन पैशांच्या हिशेबावरून आम्हाला परत दुकानावर पिटाळणारे बाबा. माझी पहिली बेरीज चुकली तेव्हा "हातचा कुठे गेला?" म्हणून माझी बोटं एकेक उघडून बघणारे बाबा. व्यापारी त्यांच्या वहीवरच पैसे देत असे, म्हणजे त्या दिवशी चाळीस नारळ फुकट गेले. माझ्या फाइलमध्ये मी दोन रकाने केले, एक 'बाबांची बेरीज', एक नुसतीच 'बेरीज', आणि त्या एका ओळीत ते वेगळे दिसतात.

आईला जाऊन सांगितलं. आई मला अजून नपुंसकलिंगात बोलते, कोकणीत लहान मुलींना बोलतात तसं. ती चुडताच्या हिरांची वाढवण, म्हणजे केरसुणी, बांधत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बरें जालें कळ्ळें तें. आतां ते चाळीस नाल्ल कोणाकडल्यान हाडटलें तूं?"